कोरड्या बोअरचा गेरू

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर सांगितलं, "तुमच्या नोकरीतलं काहीतरी थरारक लिहा." मी म्हटलं, बाई, आमच्या दगडांच्या आयुष्यातली शेवटची थरारक गोष्ट घडून साडेसहा कोटी वर्षं झाली. त्या हसल्या आणि "तरी बघा" म्हणाल्या. म्हणून बघतोय.

मी भूवैज्ञानिक, सरकारी नोकरीतला. म्हणजे जमिनीखाली पाणी कुठे आहे ते सांगायचं, आणि ते तिथे सापडलं नाही की का सापडलं नाही तेही सांगायचं. दुसऱ्या कामाचा मला अनुभव जास्त. लग्नकार्यात कुणी "काय करता?" विचारलं आणि मी हुद्दा सांगितला की समोरचा "वा" म्हणतो आणि जिलबीकडे वळतो. नव्वदच्या दशकात माझ्याकडे जव्हार-मोखाड्याचं काम आलं तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या बाबाने मात्र फार आस्थेनं चौकशी केली होती. "भू म्हंजे भूतच ना? मंग आमच्या वाटंवर एक बसतं, त्याला हालव." मी हालवू शकत नाही म्हटल्यावर त्याचं माझ्याबद्दलचं मत कायमचं उतरलं. त्या भागात साहेबालाही 'तू' म्हणतात. सुरुवातीला मला ते टोचायचं. पुढे कळलं की लोक 'तुम्ही' म्हणायला लागले की आपलं काहीतरी चुकलंय.

आधी धंद्यातलं थोडं सांगून टाकतो, नाहीतर माझी पुढची फजिती तुम्हाला नीट समजणार नाही. जव्हार-मोखाड्याचे सगळे डोंगर म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचे थर, भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकावर एक. प्रत्येक थर पोटात गच्च काळा आणि वरच्या अंगाला बुडबुड्यांनी भोकं पडलेला. एक थर थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत कधी कधी हजारो वर्षं गेली. तेवढ्या काळात पहिल्याच्या पाठीवर ऊनपावसाने माती झाली. मग वरून नवा लाव्हा आला आणि ती माती भाजून तांबडीलाल झाली. तोच गेरू. काळ्या कड्यात मध्येच लाल पट्टा दिसतो तो हा. गेरू चिकणा असतो, त्याच्यातून पाणी खाली उतरत नाही. वरच्या पाषाणातल्या भेगांमधून आलेलं पाणी गेरूपाशी अडतं आणि त्याच्या उतारावरून सरकत डोंगराच्या कुशीतून कुठेतरी बाहेर पडतं. हे सगळं मला पाठ होतं. त्यावर मी व्याख्यानं दिलेली होती, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

पाऊस तिथे असा पडतो की गोधडी महिनाभर वाळत नाही. पण डोंगर उभे, पाणी धावत खाली जातं. होळी झाली की बायका डवऱ्यावर बसलेल्या दिसतात. डवरा म्हणजे ओढ्याच्या कोरड्या पात्रात हाताने उकरलेला खड्डा. त्यात पाणी पाझरेपर्यंत बसायचं, वाटीवाटीने हंडा भरायचा आणि चढ चढून घरी जायचं. नकाशावर मी ते अंतर बोटाने मोजायचो. एकदा रिकाम्या हाताने चढून गेलो आणि दोनदा बसलो.

भोये गुरुजींची आणि माझी ओळख एका हिऱ्यामुळे झाली. सूर्यमाळच्या अंगाला, डोंगराच्या एका खांद्यावर पंचवीसेक घरांचा पाडा होता. त्याचं नाव करवंदपाडा धरू. तिथे गुरुजी एकशिक्षकी शाळा चालवत. स्वतः जव्हारजवळच्या शेतकरी घरातले, टापटीप, खिशाला दोन पेनं. मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी ते विश्रामगृहावर माझ्याकडे आले, दार लावून घेतलं आणि रुमालाची गाठ सोडली. आत बोराएवढा पाणीदार स्फटिक.

"साहेब, ही गोष्ट तुमच्या-माझ्यात," ते म्हणाले. "शिरपामाळला सहल नेली होती. तिथे मुंबईचे एक पाहुणे भेटले. ते म्हणाले, असा खडा लाखात एक."

मी खिशातून भिंग काढलं, पाहिलं, आणि स्वयंपाक्याकडून अर्धं लिंबू मागवलं. गुरुजींना वाटलं सरबत येतंय. मी लिंबाचे दोन थेंब स्फटिकावर पिळले. तो फसफसला. लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या जागी मागाहून असे स्फटिक भरतात. त्यातला हा चुनखडीच्या जातीचा होता, आणि आंबट लागलं की ती जात फसफसते.

गुरुजींनी बोटाने फेस पुसून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे हिऱ्याचा सोडा झाला." रुमाल झटकून त्यांनी घडी घातली आणि शांतपणे विषय बदलला. मला तो माणूस तिथेच आवडला. लाख रुपयांचं स्वप्न एवढ्या शिस्तीत घडी घालून ठेवणारे थोडे असतात.

बदललेला विषय असा. करवंदपाड्यावर मथीबाई नावाची विधवा होती. तिचा एकुलता एक मुलगा चंदर ठाण्याला बांधकामावर जाई. त्याचं खालच्या गावातल्या लखमाच्या मुलीशी जमलेलं होतं. मुलगी राजी, चंदर राजी, मथीबाई राजी. लखमा नाही. त्याच्या गावाला बारमाही नदी होती. तो म्हणाला होता, "माझी पोर पान्यात वाढली. तुमच्या डवऱ्यावर वाटी घेऊन बसायला मी तिला देनार नाय. आखातीच्या दिवशी पाड्यावर येतो. पाड्याचं पानी प्यायला दिलं तर लगीन, नाय तर राम राम." आखाती म्हणजे अक्षय्य तृतीया, ऐन कडक उन्हात. त्या दिवशी पाड्यावर पाणी मागणं म्हणजे लखमाने सभ्य भाषेत दिलेला नकारच होता.

"एक बोअर मंजूर आहे पाड्याला," गुरुजी म्हणाले. "जागा तुम्ही दाखवायची. चंदरचं लग्न तुमच्या हातात आहे."

होळीच्या आधी मी यंत्र घेऊन पाड्यावर पोचलो. यंत्र म्हणजे एक पेटी, तारांची भेंडोळी आणि चार लोखंडी खुंट्या. खुंट्या जमिनीत ठोकायच्या, दोहोंतून वीज सोडायची, उरलेल्या दोहोंवर मोजायचं. वीज सहज गेली तर खाली ओल आहे असं समजायचं. अडली तर कोरडा पाषाण. बघायला सगळा पाडा जमला होता. मथीबाई पुढे उभी होती. पन्नाशीची, काटक, तोंडात सदा काहीतरी चघळत असलेली. तिने खुंटीकडे बोट दाखवून विचारलं, "हिला झटका देतोस तर पानी वर पळत येल का?" सगळे हसले. मीही हसलो, मोठ्या माणसाने हसावं तसा.

आता आमच्या खात्यातला एक अलिखित नियम सांगतो. पाणी कुठेही असो, बोअर तिथेच मारायची जिथवर गाडी जाते. बोअरची गाडी हत्तीएवढी. ती पाड्यावर उतरणं शक्य नव्हतं, पाड्याच्या वर जो माळ आहे तिथवर कच्चा रस्ता होता. म्हणून मी माळावर मोजणी केली. नव्वद-शंभर फुटांवर वीज इतकी गुळगुळीत गेली की माझ्या सहायकाने वहीत आकडा लिहून माझ्याकडे पाहिलं आणि भुवया उडवल्या. मी खडूने दगडावर फुली मारली. चंदर ठाण्याहून रजा काढून आला होता. तो मला म्हणाला, "साब, पक्का ना?" मी म्हटलं, "पक्का." ही माझ्या नोकरीतली सगळ्यात महाग पडलेली दोन अक्षरं.

गाडी आली. गाडीवरचा मुख्य माणूस मुरुगन नावाचा तामिळ होता. वर्षानुवर्षं महाराष्ट्राला भोकं पाडून त्याची एक खास हिंदी तयार झाली होती. ड्रिल सुरू झालं, काळी धूळ उडायला लागली. पंचवीस फूट, पन्नास, पंच्याहत्तर. बायका पदर तोंडाला लावून कडेला बसलेल्या. गुरुजींनी नारळ आणून ठेवला होता. नव्वद फुटांना आवाज बदलला, मऊ झाला. मी पुढे सरकलो. आणि भोकातून फस्सकन जे बाहेर आलं ते लाल होतं. लालभडक. वाऱ्याने ते सगळ्यांच्या अंगावर आणलं. माझा पांढरा शर्ट, गुरुजींची टोपी, मुरुगनच्या मिशा, सगळं एका रंगाचं.

मुरुगनने कॉम्प्रेसरच्या आवाजावर आवाज चढवून सांगितलं, "साब, पानी नहीं, गुलाल निकला. होली परसों है ना?"

गेरू. ओलसर, हाताला चिकटणारा, आणि त्यापलीकडे पाण्याचा टिपूस नाही. गुळगुळीत वीज पाण्यातून जाते तशी चिकणमातीतूनही जाते, हे मी स्वतः पोरांना शिकवलं होतं. पाण्याची इतकी आशा होती की यंत्राने 'माती' म्हटलं ते मला 'पाणी' असं ऐकू आलं. आम्ही दोनशे फुटांपर्यंत गेलो. पुन्हा काळी धूळ. गाडी बंद झाली तेव्हा माळावर जी शांतता पसरली ती मला अजून आठवते, आणि आठवली की मी खोलीत एकटा असलो तरी घसा खाकरतो.

गुरुजींनी नारळ पिशवीत घातला. चंदर पाठ फिरवून उभा होता. मग मथीबाई उठली, बोअरपाशी साचलेल्या लाल ढिगात बोटं घातली, अंगठ्यावर चोळून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "अगो, ह्यो आपलाच गेरू. बघ कसा बारीक हाय. दळलेला." दोघींनी टोपल्या आणल्या. बघता बघता सगळ्या बायका भरायला लागल्या. लग्नाच्या घरची भिंत गेरूने सारवतात, मग तिच्यावर तांदळाच्या पिठाने चित्रं काढतात. असा तयार चाळलेला गेरू त्यांना कधी मिळाला नव्हता. जाताना मथीबाई माझ्यासमोर थांबली.

"पानी नाय तर नाय. गेरू झ्याक दिलास."

त्या दिवसापासून मोखाड्याच्या बाजारात मी 'गेरूवाला साहेब' झालो. भाजीवाली हाक मारायची, जीपवाला ओळखायचा. तहसील कचेरीतल्या एका कारकुनाने तर घराच्या कंपाउंडला गेरू लावायचा आहे, बोअर कधी मारता, असं गंभीर चेहऱ्याने विचारलं. मी हसण्यावारी नेत होतो. पण खोलीवर आलं की चंदरची पाठ दिसायची. कोरडी बोअर मला नवी नव्हती. वहीत 'असफल' असा शिक्का मारला की माझ्यापुरती संपायची. ही संपेना.

मला छळत होतं मथीबाईचं एक वाक्य. 'आपलाच गेरू.' म्हणजे ह्या बायकांना तो आधीपासून माहीत होता. चार वर्षं मी त्या डोंगरांत हिंडत होतो. प्रत्येक पाड्यावर सरपंचाला, पोलीस पाटलाला, बाप्यांना विचारत होतो, "इथे कड्यात लाल थर कुठे आहे का?" सगळे माना हलवायचे, नाही. लबाडी नव्हती त्यात. बाप्यांना खरंच ठाऊक नव्हतं. गेरू आणणं हे बायकांचं काम, आणि बायकांना मी कधी विचारलं नव्हतं. चार वर्षं चुकीच्या अर्ध्या गावाला प्रश्न विचारत होतो मी.

पाडव्यानंतर पुन्हा पाड्यावर गेलो. यंत्र नेलं नाही. मथीबाई अंगणात नाचणी पाखडत होती. मी विचारलं, "मथीबाई, गेरू कुठून आणता तुम्ही?"

"तठं, डोंगराच्या मागं. कपारीत."

"लांब आहे?"

"सकाळी जायचं, सांज करून यायचं."

"तिथे ओल असते?"

तिने सूप खाली ठेवलं. "ओल नसंल तर खरवडंल कसा? पन पानी नाय. नुसती भिंत घामेजते."

मी वहीत डोंगर काढला. माळाची उंची, बोअरमध्ये गेरू लागला ती खोली, मागच्या कपारीची नकाशावरची उंची. पट्टा तोच होता, डोंगराच्या आरपार गेलेला, आणि मागून पुढे, पाड्याकडे किंचित उतरता. म्हणजे पाणी मागच्या बाजूला नुसतं घामेजत असेल तर त्याची खरी वाट ह्या बाजूला, पाड्याच्या डोक्यावर असायला हवी. पण ह्या बाजूच्या उतारावर वरून गडगडलेले धोंडे आणि मुरूम यांचा अर्धा मैल ढीग. पट्टा त्याच्याखाली गडप. कुठे खणणार? आखातीला चार आठवडे उरले होते.

मी हे सगळं तिला समजावलं. भाकऱ्यांची चवड, उतार, अडलेलं पाणी. ती लक्ष देऊन ऐकत होती असं मला वाटलं. ती खरं तर माझ्या डोक्याच्या वर बघत होती.

"साहेब," ती म्हणाली, "ह्या कुंभारणीला इचार."

दाराच्या चौकटीवर कुंभारीण माशी घर बांधत होती. बारीक कमरेची ती काळी-पिवळी माशी, मातीचे गोळे तोंडात आणून मडक्यासारखी घरटी करते ती. मी बघितलं. घरटं लाल होतं. पाड्याची माती काळपट, आणि घरटं तांबडंलाल, गेरूचं.

मी शास्त्रज्ञ माणूस, लगेच हरकत काढली. "तुमच्या घरात बोअरच्या गेरूची टोपली आहे. तिच्यातूनच नेत असणार."

"टोपलीतला सुका हाय. तिला वला लागतो."

"तोंडात पाणी आणून भिजवत असेल. काही जाती तसं करतात."

"बरं," मथीबाई शांतपणे म्हणाली. "मंग पानी कठून आणते?"

चैत्रातलं ऊन, खालचा डवरा आटत आलेला, आणि ही एवढीशी बया दर पाच मिनिटांनी ओला गोळा घेऊन हजर. मथीबाई पुढे म्हणाली, "आमी बाया दिवसभर चालून गेरू आणू. ही काय दिवसभर चालते? ती जवळच जाते."

मग आम्ही जे केलं ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. चंदर कुंपणापाशी उभा राहिला. गुरुजींनी शाळा सोडली आणि मोहाच्या झाडाखाली जागा धरली. मी त्यांच्या वर, मथीबाई सगळ्यांच्या वर, धोंड्यांच्या ढिगापाशी. माशी उडाली की प्रत्येकाने आपल्यासमोरून गेली का ते ओरडून सांगायचं. पहिल्या तीन फेऱ्यांत गुरुजींनी वेगळीच माशी पकडली आणि आम्हाला पाड्याच्या उकिरड्यावर नेलं. चौथ्या फेरीला माझ्या चष्म्यावरून ती गेली आणि मी तोल जाऊन करवंदीत बसलो. करवंदीत बसलेल्या माणसाला उठवायला दोन माणसं लागतात. पाड्यातली यच्चयावत म्हातारी मंडळी ओट्यांवर येऊन बघत होती. वाटेवरचं भूत हालव म्हणणारा तो बाबा ह्याच पाड्यावरचा. त्याला कुणीतरी सांगितलं की साहेब माशीच्या मागे लागलाय. तो म्हणाला, भूत निघंना म्हनून आता माशी.

सहाव्या-सातव्या फेरीला वरून मथीबाईची हाक आली. "अठं!"

दोन मोठे धोंडे एकमेकांवर रेलले होते, त्यांच्या फटीत माशी शिरली होती. आम्ही धापा टाकत पोचलो. माशी बाहेर आली, आमच्यामधून सरळ घराकडे गेली. मी 'थांबा, आत साप-' म्हणेपर्यंत मथीबाईने काठी फिरवून हात घातला होता, कोपरापर्यंत. काढला तेव्हा बोटं लाल होती आणि ओली.

दुसऱ्या दिवसापासून पाडा खणायला लागला. चंदर ठाण्याला परत गेलाच नाही. मुकादमाला निरोप धाडला, "शादी का काम है." बायका धोंडे उपसत, बापे पहारी घालत. मी होकायंत्र लावून उतार मोजला आणि धोंड्यांपासून पाच पावलं डावीकडे खणा म्हणालो. मथीबाई म्हणाली, माशी गेली तिथंच. तिचं ऐकलं. तिसऱ्या दिवशी पट्टा उघडा पडला, हातभर जाडीचा लाल थर आणि त्याच्यावर भेगाळलेला काळा पाषाण. पण धार नाही. भिंत नुसती घामेजलेली, कपारीसारखीच. चौथ्या, पाचव्या दिवशीही तेच. आठव्या दिवशी चंदरने पाषाणाच्या एका भेगेत पहार घातली आणि अंगाचा जोर लावून फाळका उचकटला. आतून चुळबुळ झाल्यासारखा आवाज आला आणि करंगळीएवढी धार त्याच्या पायावर पडली.

करंगळीएवढी म्हणजे काहीच नाही असं शहरात वाटेल. ती रात्रंदिवस चालते, हे लक्षात घ्या. तिच्याखाली आम्ही कुंड बांधलं, त्यातून पाड्यापर्यंत नळी उतरवली. पाडा खाली, कुंड वर, पाणी आपल्या पायांनी येतं, पंप लागत नाही. सिमेंटच्या चार गोण्या कुठून आल्या ते मी लिहीत नाही. मी निवृत्त झालोय, पण पेन्शन चालू आहे.

अडचण एकच राहिली. पाणी लाल होतं. उघडलेला गेरू धुऊन येत होता, नळीतून चहाच पडायचा. मी म्हटलं, आठ-दहा दिवसांत निवळेल. आणि आखाती दुसऱ्या दिवशी होती.

लखमा सकाळीच आला. उंच, डोक्याला मुंडासं, सोबत गावातले दोघं. मीही मुक्काम करून होतो. खोटं कशाला, रात्रभर मी नळीपाशी फेऱ्या घातल्या होत्या. मुलीची आई आदल्या दिवशी रडत होती असं गुरुजींनी कानात सांगितलं, म्हणजे तिकडेही चैन नव्हती. लखमा ओट्यावर बसला आणि म्हणाला, "हां, दे पानी."

गुरुजींनी घरून गाळून, उकळून आणलेली कळशी हळूच पुढे केली. मथीबाईने ती पायाने मागे सारली. नळीखालचा हंडा तिने स्वतः उचलून आणला. रात्रभर ठेवलेला होता, वर निवळ पाणी, तळाशी लाल. तिने तांब्या बुडवला तेव्हा तळ ढवळला आणि तांब्यातलं पाणी गुलाबी झालं. तिने तोच तांब्या लखमाच्या हातात दिला.

लखमाने आत पाहिलं. "ह्यात काय हाय?"

"गेरू," मथीबाई म्हणाली. तिचं चघळणं थांबलं होतं, पहिल्यांदाच. "लगनाचा गेरू आनायला दिवस मोडतो, तुलाही ठावं हाय. माझ्या घरात तो पान्यातून चालत आला. आता तू ठरव."

लखमाने तांब्या कलता करून तळाशी बसणारा लाल गाळ बघितला. मग उठला, चढ चढून कुंडापर्यंत गेला. आम्ही खालून बघत होतो. त्याने धारेखाली हात धरला, किती वेळ कुणास ठाऊक, मला तरी तास वाटला. खाली येऊन पुन्हा ओट्यावर बसला आणि तांब्या एका दमात रिकामा केला. मिशीला लागलेली लाली पुसत म्हणाला, "भिंत सारवायला घ्या. गेरू तर माझ्या पोटातपन गेला."

चंदर घरामागे पळाला. गुरुजींनी पिशवीतून नारळ काढला. तोच, होळीचा.

मोखाड्याला परतल्यावर मी अहवाल लिहिला. छापील नमुन्यात एक रकाना असतो, 'स्थाननिश्चितीची पद्धत'. यंत्राने केली असेल तर तसं, नकाशावरून केली असेल तर तसं. माशीचा रकाना नव्हता. शेवटी लिहिलं, 'भूशास्त्रीय निरीक्षणावरून'. खाली माझी सही, माझा शिक्का. मथीबाईचं नाव लिहायला जागा होती, समासात. लिहिलं नाही. वरिष्ठ हसतील ही भीती, दुसरं काय. त्या कामाबद्दल माझी वाहवा झाली आणि मी ती घेतली. एका सभेत तर मी पारदर्शिका लावून ते सगळं समजावून सांगितलं, उतार, पट्टा, कोन. फक्त माशी गाळली. आज वाटतं, त्या रकान्यात खरं लिहिलं असतं तर फार तर बदली झाली असती, आणि बदली तर तशीही झालीच.

लग्न वैशाखात झालं. मला बोलावणं होतं. जीपने माळापर्यंत गेलो. कोरड्या बोअरवर कुणीतरी धोंडा ठेवून त्याला हळदकुंकू लावलं होतं, ते बघून मी नजर वळवली आणि खाली उतरलो. मथीबाईच्या घराची भिंत बोअरच्या गेरूने सारवलेली, लालबुंद, आणि त्यावर पांढरं चित्र. मधोमध देवीचा चौक. त्याच्या भोवती झाडं, बैल, नाचणारी माणसं, आणि एका कडेला डोंगर. डोंगरावर ओळीने कोणीतरी चढत होतं. मी चष्मा पुसून जवळ गेलो. सगळ्यात मागे टोपीवाला एक, खिशाला दोन रेघा. त्याच्या पुढे चष्मेवाला, करवंदीत अर्धा बुडालेला. मला ओळखायला वेळ लागला नाही. त्याच्या पुढे एक बाई, हात खडकात घातलेली.

मथीबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आली. मी म्हटलं, "चंदर सोडून सगळे आले की चित्रात." ती म्हणाली, "नीट बघ. पुढं कोन हाय?"

बाईच्या हाताच्या पुढे, खडकाच्या फटीपाशी, आम्हा तिघांहून मोठी काढलेली बारीक कमरेची माशी होती.